कळंबोलीतील तरुणांच्या रोजगारातील अडथळे

कळंबोली हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातले मूळचे खेडे असून आज ते नवी मुंबईचे एक दाट वस्तीचे उपनगर आहे. शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) वसविलेला हा विभाग २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. लोखंड-पोलाद बाजार वसाहतीतच आहे. तळोजा औद्योगिक वसाहत लगत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग येथूनच सुरू होतो आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक येथूनच वळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळही पनवेल तालुक्यातच आहे. रोजगाराची एवढी साधने भोवताली असूनही येथील तरुणांना पहिली टिकाऊ नोकरी मिळविणे कठीण जाते. कामाची टंचाई हे त्याचे एकच कारण नाही. पुष्कळदा काम उपलब्ध असते. परंतु त्या कामाकडे जाणारी वाट मुकादम, कंत्राटदार, ओळखीपाळखी आणि दाखले यांच्यामधून जाते. शिवाय केलेल्या कामाचा लेखी पुरावा मागे न राहिल्यामुळे पहिल्या नोकरीच्या आधारावर दुसरी मिळत नाही.

पार्श्वभूमी

मुंबईवरील लोकसंख्येचा व व्यापाराचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचा निर्णय झाला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना करण्यात आली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. कळंबोली आणि तिच्या शेजारचे रोडपाली ही त्यांतीलच गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील आगरी व कोळी कुटुंबांची उपजीविका चालत असे. जमीन गेली तेव्हा तिच्याबरोबर शेतीशी निगडित असलेले वर्षभराचे कामही गेले. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिने अनेक कुटुंबांना घर, भाडे किंवा एकरकमी पैसा मिळवून दिला. नोकरी देण्याचे काम मात्र ती करू शकत नव्हती.

मुंबई बंदराजवळच्या गल्ल्यांतून चालणारा लोखंडाचा घाऊक व्यापार हलविण्यासाठी सिडकोने कळंबोलीत बाजार वसविला. त्यामागोमाग वाहतूकदार, वजनकाटे, गॅरेज, गोदामे आली. सिडकोने अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या लहान घरांमध्ये सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि कोकण येथून कुटुंबे येऊन राहिली. उत्तर भारतातून आलेल्या कामगारांचीही मोठी संख्या येथे आहे. त्यामुळे ‘कळंबोलीचा तरुण’ या शब्दांत किमान दोन वेगळे इतिहास सामावलेले आहेत. एक जमीन गेलेल्यांच्या नातवंडांचा आणि दुसरा गाव सोडून आलेल्यांच्या मुलांचा. दोघांपुढील अडचणी पुष्कळ अंशी सारख्या असल्या तरी त्यांची कागदपत्रे वेगळी आहेत. त्यामुळे त्यांना झिजवावे लागणारे उंबरठेही वेगळे.

देशातील स्थिती

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वर्षे वयोगटातील बेरोजगारीचे प्रमाण देशात १०.२ टक्के होते. सर्व वयोगटांचे मिळून ते ३.२ टक्के होते. शहरी भागातील याच वयोगटात ते १४.७ टक्के, तर शहरी तरुणींमध्ये २०.१ टक्के इतके होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालातील एक निष्कर्ष अधिक बोलका आहे. त्यानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती. शिक्षण वाढले की नोकरी सुलभ होते, ही सर्वसामान्य समजूत या आकड्यांशी जुळत नाही. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी ठरते असा नाही. अशिक्षित तरुणाला मिळेल ते काम पत्करून त्याच दिवसापासून राबावे लागते. शिकलेला तरुण काही काळ थांबू शकतो आणि शिक्षणाला साजेसे काम मागतो. असे काम पुरेसे नसल्यामुळे तो बेरोजगारांच्या यादीत दिसतो.

लोखंड बाजारातील काम

कळंबोलीच्या लोखंड बाजारात कॉइल, पत्रे, सळई, अँगल, चॅनल असा माल उतरतो, कापला जातो आणि पुन्हा भरला जातो. येथील रोजगाराचे ढोबळमानाने तीन थर आहेत आणि तिन्हींमध्ये प्रवेश करण्याची रीत निराळी आहे.

पहिला थर माल चढविण्या-उतरविण्याचा. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ या कायद्याने डोक्यावर व पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना संरक्षण दिले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीचे हे फलित होते. या कायद्यानुसार कामगार व मालक या दोघांचीही त्रिपक्षीय मंडळाकडे नोंदणी होते. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस व रजेचा पगार द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. असंघटित श्रमिकाला मासिक वेतनदाराच्या जवळ नेऊन ठेवणारी अशी व्यवस्था देशात क्वचितच आढळते. मात्र नोंदणी टोळीनिहाय असते. टोळीत जागा रिकामी झाल्याखेरीज नवे नाव लागत नाही आणि जागा रिकामी झाल्यावर निवृत्त किंवा मृत कामगाराच्या वारसाला प्राधान्य देण्याची रूढी आहे. ज्या कुटुंबात वडील माथाडी आहेत त्या कुटुंबाला ही रूढी न्याय्य वाटते आणि ज्याच्या घरी कोणी माथाडी नाही त्याला तीच भिंत वाटते. त्यातच हायड्रा क्रेन व चुंबकीय क्रेन यांमुळे माणसांनी उचलण्याचा माल कमी होत गेला. वडिलांच्या टोळीत मुलाला जागा मिळाली, तरी वडिलांना मिळत असे तेवढे काम त्याला मिळेलच असे नाही. अनेक माथाडी आपल्या मुलाने हे काम करू नये यासाठीच त्याला शिकवितात, हीही या थराची दुसरी बाजू आहे.

दुसरा थर कार्यालयांचा. व्यापारी पेढ्या व वाहतूकदारांच्या कचेऱ्यांमध्ये बिल्टी करणे, हिशेब ठेवणे, ई-वे बिल काढणे, वजनकाट्याच्या पावत्या जुळविणे अशी कामे असतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल लागू झाल्यावर संगणकावर काम करू शकणाऱ्या मुलांची गरज वाढली. परंतु पेढ्या लहान असतात, भरतीची जाहिरात क्वचितच निघते आणि जागा भरते ती ओळखीतून. ‘आपल्याकडचा एक मुलगा आहे’ असे कोणी सांगणे, हीच येथील निवडप्रक्रिया. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. रोकड व मालाचा हिशेब तो अनोळखी माणसाच्या हाती कसा देईल? ज्याच्या वडिलांची बाजारात उठबस नाही, त्या वाणिज्य पदवीधराला मात्र शंभर पावलांवर असलेली ही नोकरी रिकामी झाली होती, हेही कळत नाही.

तिसरा थर चालकांचा, आणि या थरातील विसंगती सर्वांत ठळक आहे. ‘एमएच-४६’ हा क्रमांक देणारे पनवेलचे परिवहन कार्यालय कळंबोलीतच आहे. रस्त्याच्या कडेला ट्रेलरच्या रांगा उभ्या असतात आणि चांगले चालक मिळत नाहीत, अशी वाहतूकदारांची तक्रार देशभर ऐकू येते. असे असताना बेरोजगार तरुण या व्यवसायात का येत नाहीत? कायद्यानुसार मालवाहू वाहनाचा परवाना विसाव्या वर्षापूर्वी मिळत नाही आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. बारावी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे दुसरे काहीतरी करावेच लागते. पूर्वी ही वर्षे ट्रकवर क्लीनर म्हणून जात. उस्तादाच्या हाताखाली टायर बदलणे, दोऱ्या आवळणे, चढाला गिअर कसा पाडावा हे पाहणे, रात्री गाडी राखणे, असे करत तो चालक होई. भाडे आणि खर्च यांचा मेळ बसेनासा झाल्यावर अनेक मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केले आणि शिकण्याची ही पायरी विरळ झाली. प्रशिक्षण संस्थेत शुल्क भरून परवाना मिळविता येतो. परंतु लाखो रुपयांचा ट्रेलर आणि त्यावरील कॉइल केवळ परवान्याच्या भरवशावर कोणी देत नाही. येथेही मागणी होते ती अनुभवाचीच. भरीस भर म्हणजे आठ-आठ दिवस घराबाहेर राहणे, पोलिसांचा जाच आणि लग्नाच्या बाजारात या व्यवसायाला नसलेली किंमत. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाल्याने एक दार उघडले, परंतु ते अल्पशिक्षितांसाठी होते. कळंबोलीतील शिकलेल्या मुलांच्या अडचणीला त्याने स्पर्श केला नाही.

कंत्राटी काम आणि अनुभवाचा दाखला

तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायने, अभियांत्रिकी, अन्नप्रक्रिया व मत्स्यप्रक्रिया असे उद्योग आहेत. कळंबोलीतील तरुणांचे पहिले काम अनेकदा तेथील पॅकिंग, हेल्परी, सुरक्षा किंवा गोदामातील मालनोंदणी या प्रकारचे असते आणि ते कंत्राटदारामार्फत मिळते. कंत्राटी कामगारांसंबंधीचा १९७० चा केंद्रीय कायदा वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. महाराष्ट्राने ही मर्यादा पन्नासपर्यंत वाढविली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात असा निर्णय दिला, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना मूळ मालकाकडे आपोआप कायम नोकरी मिळत नाही. या निर्णयानंतर कंत्राटी कामातून कायम होण्याची आशा बरीच मावळली.

तरुणाच्या दृष्टीने वेतनापेक्षाही मोठी हानी निराळी असते. कंत्राट बदलले की कंत्राटदार बदलतो. काम तेच, यंत्र तेच, परंतु कागदावर नोकरी नवी. पाच वर्षे एकाच प्रवेशद्वारातून आत गेलेल्या मुलाकडे तीन कंत्राटदारांची तुटक नोंद असते किंवा काहीच नसते. ज्या कारखान्यात त्याने काम केले तो कारखाना अनुभवाचे पत्र देत नाही, कारण कायद्याने तो त्याचा मालक नव्हे. आणि कंत्राटदार काम आटोपून दुसरीकडे गेलेला असतो. पुढच्या ठिकाणी दोन वर्षांच्या अनुभवाची अट असते. अनुभव हाताला आहे, पण कागदावर नाही.

भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीला येथे अनपेक्षित महत्त्व आले आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) मिळू लागला आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. नेमणूक करताना अनेक कंपन्या या क्रमांकावरील सेवेची नोंद तपासतात. ज्याच्या वेतनातून निधी नियमित कापला आणि भरला गेला, त्याचा अनुभव आपोआप सिद्ध होतो. मात्र निधीचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच लागू होतो. लोखंड बाजारातील पाच-सात माणसांची पेढी त्याच्या कक्षेबाहेर राहते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यानेही दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांवर केवळ माहिती कळविण्याचे बंधन ठेवले होते. ही मर्यादा वीसपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. लहान व्यावसायिकाला नोंदवह्यांच्या ओझ्यातून मोकळे करणे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु व्यावसायिकाला नको असलेली ती नोंदवही तेथे काम करणाऱ्या मुलाच्या मात्र कामाची असते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार केंद्रीय कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ही तरतूद वर वर्णिलेल्या अडचणीच्या मुळाशी जाणारी आहे. तथापि ती संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे, त्यामुळे सर्वांत लहान पेढ्यांतील मुले येथेही काठावरच राहतात.

दाखले, प्रमाणपत्रे आणि ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ

नवी मुंबईतील चर्चेत ‘भूमिपुत्र’, ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘स्थानिक’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. प्रशासनाच्या दृष्टीने ते एक नाहीत. प्रकल्पग्रस्त म्हणजे ज्याच्या कुटुंबाची जमीन वा घर प्रकल्पासाठी संपादित झाले आणि ज्याला तसा दाखला मिळाला आहे, तो. राज्य शासनाच्या गट ‘क’ व गट ‘ड’ मधील पदांवर प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दाखल्याचा लाभ कुटुंबाने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीला मिळतो. जमीन संपादित झाली तेव्हा एका आजोबांचे जे एक कुटुंब होते, त्याची आज चार-पाच घरे झाली आहेत. दाखला कोणाच्या नावे करावा, हा त्या घरांतील भावाभावांमधला प्रश्न होऊन बसतो आणि तो मिटेपर्यंत एखाद्याची वयोमर्यादा उलटून जाते.

‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या मात्र बरीच व्यापक आहे. शासनाकडून सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के व इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक नेमावेत, असे राज्याचे धोरण असून त्यासंबंधीचा शासन निर्णय २००८ मध्ये निघाला. यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. त्यामुळे तळोजातील एखाद्या कारखान्याने राज्याच्या दुसऱ्या टोकाकडील माणसे घेतली तरी ८० टक्क्यांची अट पूर्ण होते आणि कळंबोलीचा मुलगा बाहेर राहू शकतो. अन्य राज्यांनी याहून कडक मार्ग अवलंबिले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये ७५ टक्क्यांचा कायदा केला. हरियाणाचा तशाच स्वरूपाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

गाव सोडून आलेल्यांच्या मुलांची अडचण जातीच्या दाखल्यापासून सुरू होते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी कुटुंब जेथे राहत होते, तेथील सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. मूळ गाव बीड किंवा सोलापूर जिल्ह्यात असेल तर कळंबोलीत जन्मलेल्या मुलाला तेथील तहसील कचेरी गाठावी लागते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा, ते शाळेत गेलेच नसतील तर गाव नमुन्यातील नोंद काढायची, मग प्रांताधिकाऱ्यांचा दाखला आणि त्यानंतर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. ऑनलाइन अर्जाने फेऱ्या कमी झाल्या, पण जुना पुरावा शोधण्याचे काम संगणक करीत नाही. भरतीची जाहिरात आल्यानंतर दाखल्याच्या मागे लागणारा उमेदवार बहुधा ती भरती गमावतो. रोजंदारीवर जाणाऱ्या वडिलांना या प्रत्येक फेरीसाठी मजुरी बुडवावी लागते, ही बाब अर्जाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

सरकारी भरतीची स्पर्धा स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगी आहे. २०२४ मधील राज्य पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेला सुमारे शंभर उमेदवार, असे हे प्रमाण आहे. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा यांच्या तयारीत तरुणांची तीन-चार उमेदीची वर्षे जातात. या वर्षांत शिकलेले काहीही खासगी नोकरीच्या अर्जात लिहिता येत नाही, हा या वाटेचा खरा धोका आहे.

तरुणींपुढील अडचणी

कारखाने अधिनियम, १९४८ याने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात कामावर ठेवण्यास बंदी केली होती. पुढे महाराष्ट्राने सुरक्षिततेच्या अटींवर ती शिथिल केली आणि नव्या संहितेने संमतीच्या अटीवर रात्रपाळी खुली केली. कायद्याची अडचण दूर झाली, तरी रस्त्याची राहिली. कळंबोली सर्कलवर पाच दिशांच्या वाहतुकीचा गुंता असतो आणि बाजाराच्या बाजूला अवजड वाहनांची वर्दळ रात्रीही थांबत नाही. पाळी सुटल्यावर घरापर्यंत सोडणारी गाडी नसेल, तर कुटुंब मुलीला त्या नोकरीला पाठवीत नाही; आणि कंत्राटी कामात अशी गाडी क्वचितच मिळते. परिणामी शिवणकाम, शिकवण्या, दवाखान्यातील स्वागतकक्ष, दुकानातील विक्री अशा जवळच्या व कमी वेतनाच्या कामांत मुली एकवटतात. लोखंड बाजारातील हिशेबाच्या कामासाठी त्या तितक्याच पात्र असतात. तथापि ओळखीतून चालणारी भरती ही बव्हंशी पुरुषांच्या ओळखींतून चालते.

विवाहानंतर पडलेला खंड हा स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. चार वर्षांनी परतणाऱ्या पदवीधर स्त्रीला नवशिक्या म्हणून घ्यायला वय आडवे येते आणि अनुभवी म्हणून घ्यायला मधली रिकामी वर्षे.

प्रवास

कळंबोली रेल्वे स्थानक दिवा-पनवेल मार्गावर आहे, हार्बर मार्गावर नाही. बेलापूर, वाशी वा मुंबईकडे जाणाऱ्यांना मानसरोवर, खांदेश्वर किंवा पनवेल स्थानक गाठावे लागते आणि त्यासाठी बस अथवा रिक्षा करावी लागते. सुरुवातीच्या तुटपुंज्या पगारात हा दुहेरी खर्च जाणवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका बेलापूर ते पेंधर अशी धावते. कळंबोली तिच्या टप्प्यात आलेली नाही.

शिक्षण व शिकाऊ उमेदवारी

कळंबोलीत मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये आहेत. पदवीसाठी विद्यार्थी प्रामुख्याने पनवेल व नवीन पनवेल येथे जातात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विषय येत असतो, परंतु मुलाखत इंग्रजीत सुरू झाली की तो गप्प होतो आणि त्या गप्प राहण्यावरून त्याच्या ज्ञानाचे माप काढले जाते. प्रत्यक्षात गोदामातील वा कारखान्यातील त्या कामात पुढे हिंदी-मराठीच चालते. इंग्रजीची चाचणी अशा वेळी कामाच्या गरजेपोटी नव्हे, तर उमेदवारांची गर्दी कमी करण्यासाठी घेतली जाते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) जोडारी, वीजतंत्री, संधाता असे व्यवसाय शिकलेल्यांची स्थिती तुलनेने बरी असते. त्यांच्यापुढे शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ याची वाट आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र हा कंत्राटी कामाच्या तुलनेत कितीतरी भक्कम पुरावा होय. मात्र या तरतुदीची माहिती आयटीआयच्या आवारापलीकडे फारशी पोहोचलेली नाही. कला व वाणिज्य शाखेचे पदवीधरही शिकाऊ उमेदवार होऊ शकतात, हे पुष्कळ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

फसवणूक

नोकरीची निकड आणि माहितीचा अभाव एकत्र आले की फसवणुकीला जागा मिळते. बेलापूरपासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात जहाजावरील नोकरी देण्याच्या नावाखाली पैसे उकळल्याचे गुन्हे वारंवार नोंदविले गेले आहेत. भारतात खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि उमेदवाराकडून भरतीसाठी शुल्क घेण्यास मनाई आहे. परदेशातील इतर नोकऱ्यांसाठीही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणीकृत दलालच भरती करू शकतो. परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. देशांतर्गत नोकऱ्यांची ‘प्लेसमेंट’ करणाऱ्या कचेऱ्यांवर एवढे काटेकोर बंधन नाही. नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाची अनामत अशा नावांनी रक्कम घेतली जाते. ती पाचशे ते दोन हजारांची असल्याने पोलिसांत तक्रार करण्याइतकी मोठी वाटत नाही आणि म्हणूनच हा व्यवहार चालत राहतो.

शासकीय योजना

बेरोजगारांची नोंदणी पूर्वी सेवायोजन कार्यालयात होत असे. आता ती राज्याच्या ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर होते. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना आस्थापनांमध्ये सहा महिने प्रशिक्षण आणि दरमहा विद्यावेतन देण्यात आले. बारावी उत्तीर्णांस ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये असे विद्यावेतनाचे दर होते. पुढे हा कालावधी अकरा महिन्यांपर्यंत वाढविला गेला. मुदत संपल्यावर कायम करण्याच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींनी राज्यात ठिकठिकाणी आंदोलने केली. प्रशिक्षण आणि नोकरी यांतील रेषा शासनाने आखली होती, परंतु रोज कामावर जाणाऱ्याच्या मनात ती तशी राहिली नाही.

केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. तीत प्रथमच नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत कमाल १५,००० रुपये मिळतात. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या व दुसरा बारा महिन्यांच्या सेवेनंतर. अट भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदणीची आहे. ज्याची नोंद आहे त्याला लाभ मिळतो आणि लहान पेढीत रोखीने पगार घेणारा मुलगा येथेही यादीबाहेर राहतो.

विमानतळ आणि नव्या अपेक्षा

नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानतळ कंपनीत सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी जून २०२१ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी मानवी साखळी केली आणि सिडको भवनावर मोर्चा काढला. नावाच्या या आग्रहाबरोबरच विमानतळावरील नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य मिळावे, ही मागणीही सातत्याने होत आली आहे.

विमानतळ हा बाहेरून एक मालक दिसत असला तरी आत अनेक मालक असतात. सामानाची चढउतार, स्वच्छता, सुरक्षा, उपाहारगृहे, मालवाहतूक, वाहनतळ ही कामे निरनिराळ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्या कंत्राटदारांकडे असतात व प्रत्येकाची भरती स्वतंत्र असते. आत प्रवेशासाठी लागणाऱ्या ओळखपत्राकरिता पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हावी लागते. आंदोलनाच्या किंवा किरकोळ भांडणाच्या जुन्या गुन्ह्यात नाव असलेल्या तरुणाला ती अडचणीची ठरते. विमानतळावरील कामाला किती मागणी आहे, याची कल्पना मुंबईतील एका प्रसंगावरून येते. जुलै २०२४ मध्ये कलिना येथे सामान चढविण्या-उतरविण्याच्या व तत्सम २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती ठेवण्यात आल्या होत्या. हजारो तरुण आले, गर्दी आवरेना आणि शेवटी उमेदवारांचे अर्ज तेथेच ठेवून घेऊन त्यांना परत पाठविण्यात आले. आलेल्यांमध्ये पदवीधरही होते.